बडोद्यात बसून इंग्लंडच्या दुकानांचा वेरा कमी करतो, माझा अनुभव

सिव्हिलचा डिप्लोमा झाला, दोन वर्षं साइटवर उन्हात काढली आणि मग इंग्लंडच्या एका सर्व्हेयर फर्मचं बॅक ऑफिस बडोद्यात आहे तिथे लागलो. काम काय, तर तिकडच्या कंपन्यांना बिझनेस रेट्सवर सल्ला द्यायचा, म्हणजे दुकान, ऑफिस, गोडाऊनवरचा टॅक्स, आपल्याकडचा वेरा. आई म्हणाली, अरे म्हणजे वेऱ्याचंच काम ना, मग महापालिकेत का नाही लागलास!

सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. तिकडे जागेची रेटेबल व्हॅल्यू काढतात, म्हणजे एका ठरलेल्या तारखेला वर्षाचं भाडं किती आलं असतं (2023 च्या यादीला ती तारीख 1 एप्रिल 2021), आणि तिला मल्टिप्लायरने, म्हणजे पौंडामागे इतके पेन्स अशा ठरलेल्या दराने, गुणतात. इथवर ठीक. पण दुकानाचं क्षेत्रफळ सरळ धरतच नाहीत, रस्त्याकडून पहिले 6.1 मीटर म्हणजे 20 फूट ते झोन ए, पूर्ण भाव, पुढचे 6.1 मीटर निम्म्या भावाने, त्यामागचे पाव. रविवारी टेप घेऊन रावपुऱ्यात काकांच्या दुकानात गेलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. 4 मीटर रुंद, 15 मीटर खोल, म्हणजे 60 चौरस मीटर, पण त्यांच्या हिशोबाने फक्त 39.4. काका म्हणाले, मग मागचा माल फुकटातच ठेवायचा की रे.

पहिली केस मिळाली ती अशाच एका दुकानाची. आधी ‘चेक’ टाकायचा, म्हणजे व्हॅल्यू ठरवणाऱ्या सरकारी ऑफिसकडे तपासणीचा अर्ज, त्यात मोजमापाच्या गोष्टी, त्याला 12 महिने लागू शकतात, नाही पटलं तर 4 महिन्यांत ‘चॅलेंज’, तिथे मग भावावरून वाद. प्लॅन बघताना मला दिसलं की मागे नंतर बांधलेलं 4 चौरस मीटरचं टॉयलेट, जे धरायचं नसतं, अजून क्षेत्रफळात मोजलंय, मी खूश! तिकडच्या सरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, कुठल्या झोनमध्ये? पाव भावाच्या. म्हणजे सुटला 1 मीटर. थोबाड पडलं माझं. मग ते म्हणाले, आता पुढचा भाग बघ. पुढे वरच्या फ्लॅटसाठी वेगळा जिना काढला होता, रस्त्यावरून दार, तोही 4 चौरस मीटरच, पण अख्खा झोन एमध्ये, आणि मालकाने कधी कळवलंच नव्हतं, म्हणून दुकानातच मोजलेला.

मीटरला 500 पौंड भाव होता, 5 मीटर कमी झाले म्हणजे व्हॅल्यू 2,500 ने खाली, तेव्हाच्या 49.9 पेन्सने वर्षाला साधारण 1,250 पौंड. सात महिन्यांनी चेकमध्येच मान्य झालं, चॅलेंजपर्यंत जावंच लागलं नाही.

काकांना सेव उसळ खाता खाता सांगितलं तर ते अर्ध्यावर थांबले, म्हणाले, आपल्या दुकानाच्या बाजूचा जिना वेऱ्यात कोणाच्या नावावर लागतो रे?