मिकीचा मान आणि बाकीच्यांची पंगत

चौदा वर्षांचा एक पोरगा. त्याचं बेट रातोरात काळोखानं गिळलंय, जिवाभावाचा मित्र गायब, मैत्रीण गायब, हातात तलवारीएवढी किल्ली आलीये ती का आली माहीत नाही, आणि समोर डोनाल्ड डक त्याला दटावतोय की तोंड पाडून बसायचं असेल तर आमच्याबरोबर यायचं नाही. वर गूफी म्हणतो, आमच्यासारखं गमतीदार दिसायला हवं, आणि डोनाल्ड सांगतो, हे जहाज हसऱ्या चेहऱ्यांवर चालतं. मग तो पोरगा, सोरा त्याचं नाव, मान खाली घालतो आणि एकदम असे काही दात विचकतो की हे दोघं आधी गार पडतात आणि मग खो खो हसत सुटतात. किंगडम हार्ट्स इथपर्यंत खेळले आणि ठरवलं, आता हा गेम मध्येच सोडायचा नाही.

गेम तसा म्हातारा आहे. २००२ साली प्लेस्टेशन टूवर आला, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा नावही ऐकलं नसेल, कारण आपल्याकडे तेव्हा क्रिकेट, कुस्ती आणि गाड्यांच्या रेस यापलीकडे कोण जात होतं. २०२४ मध्ये तो स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला, पुढे सेल लागला, मी घेतला. म्हणजे माझं फर्स्ट इम्प्रेशन वीस-बावीस वर्षं उशिरा आलेलं आहे, पण पहिलं ते पहिलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जपानची स्क्वेअर कंपनी, म्हणजे फायनल फँटसी ही गेमची मालिका काढणारे, आणि अमेरिकेची डिस्ने, या दोघांनी मिळून केलेला हा रोल-प्लेइंग गेम. नुसतं ऐकून वाटतं कुणीतरी पैज लावली असणार. सुरुवातीचा किस्साही तसाच आहे, स्क्वेअर आणि डिस्ने जपान यांची ऑफिसं एकाच बिल्डिंगमध्ये होती, स्क्वेअरचे शिंजी हाशिमोतो यांना डिस्नेचे एक साहेब लिफ्टमध्ये भेटले आणि तिथून बोलणं सुरू झालं. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये तोंड घालून उभे असतात, तिथून काय निघणार! दिग्दर्शन मिळालं तेत्सुया नोमुराला, जो तोवर फायनल फँटसी सेव्हनची कॅरेक्टरं काढणारा म्हणून प्रसिद्ध होता, पट्टे आणि चेन यांचा प्रचंड शौकीन माणूस, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच गेम. सोराच्या सुरुवातीच्या डिझाइनमध्ये त्याच्या हातात म्हणे चेनसॉ होती. डिस्नेच्या गेममध्ये चेनसॉ! नशीब किल्ली आली.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे दोन वेगळ्या दुनियांतली पात्रं एकत्र, म्हटलं की माझं लक्ष गोष्टीकडे नंतर जातं, आधी मानपानाकडे जातं. लग्नात नाही का, दोन्हीकडची मंडळी एकाच हॉलमध्ये असतात पण पहिल्या पंगतीला कोण बसलं, शालजोडी कुणाला आणि नुसता नारळ कुणाला, हे सगळे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतात. इथेही तसंच. डिस्नेच्या लोकांना आख्खी जगं दिलीत, ॲलिसचं वंडरलँड, टारझनचं जंगल, अल्लादीनचं अग्राबा, प्रत्येकाचं आपलं घर आपलं अंगण. आणि फायनल फँटसीची मंडळी? ती बिचारी कुणाच्या तरी ओसरीवर. ही वाटणी मुद्दाम केलेली का करारातून झालेली ते मला माहीत नाही, पण गोष्टीत ती इतकी चपखल बसलीये की मी बघतच राहिले.

म्हणजे बघा, लिऑन नावाचा एक घुम्या हिरो भेटतो, फायनल फँटसी एटचा हिरो स्क्वॉल तो हाच, त्याने नावच बदललंय, आणि का तर त्याचं गाव नऊ वर्षांपूर्वी हार्टलेस नावाच्या काळ्या भुतांनी खाल्लं. एरिथ, युफी, सिड हे सगळे तसेच, घर गेलेले, ट्रॅव्हर्स टाऊन नावाच्या गावात येऊन राहिलेले. या गावात कायम रात्र असते, दिवे लागलेले असतात, पाठीमागे एक आळसावलेली गोड ट्यून वाजत असते (संगीत योको शिमोमुराचं, मी नुसती उभी राहून ऐकलीये), आणि इथे येतात ते सगळे ज्यांचं जग उरलेलंच नाही असे. पिवळ्या दिव्यांखाली हे लोक इतके नॉर्मल वागतात की दहा मिनिटांनी लक्षात येतं, अरे, हे सगळे निर्वासित आहेत.

आणि याच गावात डोनाल्डचे तीन भाचे दुकान चालवतात! मी दार उघडून आत गेले आणि काउंटरवर ती तीन बदकं, पोशन म्हणजे जीव भरून काढायचं औषध विकायला उभी. दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून डकटेल्स आणि टेलस्पिन बघत ज्यांची अंघोळ राहिलेली आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. तीच ती पोरं, अंकल स्क्रूजच्या खजिन्यामागे जगभर फिरणारी, आणि आता स्वतःच गल्ल्यावर. मी गरज नसताना चार पोशन घेतले. (जाता जाता, त्याच दूरदर्शनवरचं जंगल बुक, ते मोगलीवालं, ते आमच्यातले अर्धे लोक अजून डिस्नेचं समजतात, ते जपानी होतं, निप्पॉन ॲनिमेशनचं. म्हणजे जपान आणि कार्टून हे मिश्रण आमच्या पोटात पहिल्यापासूनच आहे.)

सुरुवातीचं बेट मात्र बऱ्याच लोकांना बोअर होतं असं ऐकलंय आणि मला कळतं का ते. जग बुडायच्या आधी तुम्ही काय करता, तर तराफा बांधायला लाकडं गोळा करता, दोरी शोधता, कापड शोधता, दुसऱ्या दिवशी मासे पकडा, नारळ पाडा, मशरूम आणा. ॲक्शन गेम म्हणून घेतला आणि नारळ पाडतेय, काय चाललंय हे. पण मला आवडलं, थोडं कोकणातल्या सुट्टीसारखं वाटलं म्हणा ना, आणि तिथे टायडस, वाका, सेल्फी ही फायनल फँटसीतली मंडळी चिल्लीपिल्ली होऊन काठी, चेंडू, उडीची दोरी घेऊन हिंडत असतात, त्यांना ओळखलंत तर मजा, नाही ओळखलंत तरी बिघडत नाही, मीही निम्म्यांना नंतर ओळखलं. त्याच्याही आधी एक स्वप्न आहे, अंधारात रंगीत काचेचे भलेमोठे गोल ओटे, त्यावर स्नो व्हाइट, सिंड्रेला, आणि तलवार, ढाल, काठी यातलं एक घ्यायचं आणि एक सोडायचं. सोडायचं हा भाग नवीन होता माझ्यासाठी, गेममध्ये सहसा नुसतं घ्यायचं असतं. मग मुलं येऊन विचारतात, तुला कशाची भीती वाटते, आयुष्यात काय हवंय, आणि त्या उत्तरांवरून तुमची लेव्हल लवकर वाढणार का उशिरा हे ठरतं. मी आपली मनापासून उत्तरं देत बसले, बँकेचा फॉर्म असल्यासारखी.

भाचा शेजारी बसलेला असतो बरेचदा, ताईचा मुलगा, वय वर्षं आठ. त्याचा एकच प्रश्न, "मावशी, मिकी कधी येणार?" कारण सुरुवातीलाच मिकीचा किल्ला दाखवतात, डोनाल्ड एका अगडबंब दारावर टकटक करतो आणि त्या दारातलं एक चिमुकलं दार उघडतं (यावर आम्ही दोघं किती हसलो), आत सिंहासन रिकामं आणि प्लूटोच्या तोंडात चिठ्ठी. मिकी इथे राजा आहे आणि राजा निघून गेलाय, आकाशातले तारे एकेक विझतायत ते बघायला. किल्लीवाल्याला शोधा, त्याच्याबरोबर राहा, असा निरोप. आता भाच्याला कसं सांगू की मी वाचून ठेवलंय, मिकी या गेममध्ये जवळजवळ येतच नाही. त्या वेळी दुसरी एक कंपनी डिस्नेचा गेम काढत होती म्हणून मिकी एकाच सीनपुरता आणि तोही लांबून वापरायची परवानगी मिळाली, असं नोमुराने नंतर सांगितलंय. म्हणजे ज्याच्या नावावर सगळा मांडव, तोच गैरहजर! पण गंमत अशी की त्यामुळेच मिकीचा दबदबा वाढलाय. सगळे त्याच्याबद्दल आदराने बोलतात, राजे असं म्हणाले, राजे तसं म्हणाले. तोच मिकी पहिल्या पाच मिनिटांत हात हलवत आला असता तर जत्रेतला कपडे घातलेला माणूस वाटला असता.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की या गेममध्ये कुणीही डोळा मारत नाही. आजकाल दोन वेगळ्या दुनिया एकत्र आणल्या की लगेच कुणीतरी बोलतो, अरे तू तर त्या दुसऱ्या पिक्चरमधला ना, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. इथे तसलं काही नाही. उलट डोनाल्डचा कडक नियम आहे, आपण दुसऱ्या जगातून आलोय हे कुठे बोलायचं नाही. जगांच्या मध्ये भिंती होत्या, त्या आता फुटायला लागल्यात, आणि त्या भिंतींच्या तुकड्यांपासूनच हे गमी शिप बनवलंय ज्यातून आपण फिरतो. क्रॉसओव्हर का झाला याचं उत्तर कंपन्यांचा करार असं असतं, यांनी ते गोष्टीच्या पोटात घातलंय आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलंय. ऑलिंपसच्या आखाड्यात फायनल फँटसी सेव्हनचा क्लाऊड भेटतो, कसला तो खिन्न माणूस, आणि त्याला हेडीसने, डिस्नेच्या हर्क्युलिसमधल्या त्या निळ्या केसांच्या हेडीसने, सुपारी दिलेली आहे. हसू यायला हवं. येत नाही, मी त्याच्या हातून मरत होते म्हणूनही असेल.

बाकी तक्रारी आहेतच. उडी मारताना सोराला कड दिसते का नाही देव जाणे, टारझनच्या जंगलात मी इतक्या वेळा खाली पडलेय की तिथल्या पाणघोड्यांशी ओळख झाली. कॅमेरा भिंतीत घुसतो. मूळ गेममध्ये तो खांद्यावरच्या बटणांनी फिरवायला लागायचा, आता उजव्या स्टिकवर आणलाय तरी हे हाल, तेव्हाच्या पोरांना माझा नमस्कार. गमी शिपचा भाग म्हणजे नुसतं ठुक ठुक गोळ्या मारत सरळ जायचं, त्यापेक्षा आमची कॅसेटवाली विमानं बरी होती. लढाई मात्र मस्त, खालच्या कोपऱ्यातल्या मेनूतून जादू निवडायची आणि त्याच वेळी समोरच्याचा वार चुकवायचा, बोटं गोंधळतात आणि मग हळूहळू जमतं. डोनाल्ड मात्र जादू कुणावर आणि कधी टाकेल याचा काही भरवसा नाही, माझा जीव जायला आला की हा पठ्ठ्या लांब कुठेतरी एका किरकोळ भुतावर आग फेकत असतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन थोडं समजावता येतं म्हणे. गूफी गुणी आहे, ढाल घेऊन निमूट काम करतो, त्याच्याविषयी तक्रार नाही.

वंडरलँडमधला खटला मला आवडला, राणी ॲलिसला शिक्षा द्यायला निघालेली आणि आपण खोलीच्या भिंतींवरून, छतावरून चालत पुरावे गोळा करायचे, सगळे मिळाले नाहीत तरी चालतं पण मी हट्टाने सगळे शोधले. भाच्याचं मत वेगळं पडलं, तो म्हणाला राणीला डायरेक्ट किल्लीने मारायचं ना. आता अग्राबाला निघालोय. तिथे जिनी आहे हे त्याला कुठून तरी कळलंय, तेव्हा मिकीची चौकशी सध्या बंद आहे आणि कंट्रोलर कुणाच्या हातात राहणार यावरून वाद चालू आहे.