तुम्ही विचारलंत म्हणून: ते लेकरू गोल का करायना?

"सर, तुमचं ते लेकरू गोल का करायना?"

दीड वर्षापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. नांदेडच्या वजिराबादेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर नातीला दवाखान्यात नेलं तेव्हा रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं. दर वेळी "करेल, करेल" म्हणून मी वेळ मारून नेली. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाहीच. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता नीट बसून लिहितो.

ज्यांना तो पोरगा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नांदेडात क्रीडाशिक्षक होतो, पोरांना हॉकी शिकवायचो, आता निवृत्त आहे. हे लेकरू सहावीत माझ्याकडे आलं, फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढं राहून गोल करायला खेळणारा. वडील ऑटो चालवतात. शालेय स्पर्धांत त्यानं गोलांचा असा सपाटा लावला की सोळाव्या वर्षीच लोक त्याला भारताच्या जर्सीत बघायला लागले. सतराव्या वर्षी पुण्याला निवासी प्रशिक्षणासाठी निवड झाली. आज तो वीस वर्षांचा आहे. राज्याच्या ज्युनियर संघातून दोनदा खेळला, पण गोल करणाऱ्यांत नाव क्वचितच आलं. मागच्या हिवाळ्यात बाहेरच्या एका संघाकडून तो इथं खेळायला आला आणि साऱ्या गावादेखत त्यानं मोकळा गोल चुकवला. तेव्हापासून हा प्रश्न जास्तच वाढला.

नांदेडच्या लोकांना हॉकीतलं काय कळतं, असं बाहेरच्या कुणाला वाटेल. त्यांनी थंडीत इथं यावं. श्री गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप चालू असतो तेव्हा पंजाबातून, दिल्लीकडून संघ येतात. अमृतसरहून येणारी सचखंड एक्स्प्रेस स्टेशनात लागली की हॉकी स्टिकच्या लांब पिशव्या खांद्याला लावलेली उंचनिंच पोरं उतरताना दिसतात. मैदानाच्या कडेला शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांना कुठल्या फुल बॅकचा, म्हणजे मागं बचाव करणाऱ्याचा, डावा पाय कच्चा आहे तेही ठाऊक असतं. अशी नजर असलेली माणसं जेव्हा म्हणतात की पोरगा अडला, तेव्हा मला ते वाऱ्यावर सोडता येत नाही.

त्या मोकळ्या गोलानंतर संध्याकाळी चहाच्या टपरीवर जे झालं ते सांगतो. एक जण म्हणाला, "उसको सर पे चढाया, बस वहीं बिगड गया." दुसऱ्याचं म्हणणं, पुण्याला जाऊन त्याची ड्रिबलिंग, म्हणजे बॉल स्टिकशी ठेवून चकवत नेणं, गेली, इथं होता तेव्हा तिघांना गुंडाळायचा. तिसऱ्यानं धनराज काढला. धनराज येणारच होता. "धनराज पिल्ले एकविसाव्या वर्षी इंडियाकडून खेळला. ह्याचं वीस झालं की."

वीस झालं, हे खरं. पण मी त्याचं वय असं मोजत नाही. त्यानं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पहिलं पाऊल टाकलं त्या दिवसापासून मोजतो. त्या हिशेबानं तो तीन वर्षांचा आहे.

आमची पोरं हॉकी शिकतात ती मातीवर. मातीवर बॉल सरळ येत नाही. एखादा खडा लागला की उडतो, कधी ढेकळापाशी मरतो. म्हणून आमचा पोरगा जरा उभा राहून खेळतो, बॉल आला की तो जागच्या जागी थांबवतो, मग मान वर करून बघतो कुठं जायचं ते. तेवढा वेळ मिळतो, कारण समोरच्या गड्यालाही बॉल कुठं उडेल याचा भरवसा नसतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं. बॉल जमिनीला चिकटून सूं करत येतो. तिथं तो जागी थांबवलात तर मान वर होईपर्यंत फुल बॅक अंगावर आलेला असतो. पहिल्याच स्पर्शात बॉल मोकळ्या जागेत गेला पाहिजे, आणि कुठं जायचं ते बॉल यायच्या आधी बघून झालेलं पाहिजे. कंबर गुडघ्यापर्यंत खाली. पुण्याहून पहिल्या महिन्यात त्यानं फोन केला तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, मांड्या पेटल्यात." त्याची ड्रिबलिंग गेली म्हणता ना, ती गेली नाही, काढून घेतली. आधी ट्रॅप, म्हणजे आलेला बॉल घ्यायची पद्धत, नवा बसवायचा म्हणून तिथल्या प्रशिक्षकांनी ती बाजूला ठेवायला लावली. सहा वर्षं हाताला लागलेली सवय मोडायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची, तेही रोज सामने खेळत.

हे अवघड किती, ते आपल्या देशालाच विचारा. १९२८ ते १९७२ पर्यंत एकही ऑलिम्पिक असं गेलं नाही की भारत हॉकीचं पदक न घेता परतला. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकची हॉकी कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण थेट सातवे. १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण सोडलं तर पुढचं पदक यायला २०२१ उजाडलं. ध्यानचंदांच्या देशाला मातीवरून टर्फवर यायला एवढी वर्षं लागली आणि वजिराबादेतल्या पोरानं ते दोन मोसमांत करावं, असं आपण म्हणतो. छत्रपती संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, टर्फ आहे, मान्य. पण नांदेडहून ते अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. आठवीतलं लेकरू रोज संध्याकाळी तिथं कसं जाणार?

राहिला धनराज. त्याच्याबद्दल माझ्या मनात जेवढा आदर आहे तेवढा फार थोड्या माणसांबद्दल असेल. पण तो खडकीचा. तिथं गल्लीत हॉकी होती, घरात भाऊ खेळत होते. आणि धनराजचंही सगळं एकविसाव्या वर्षी झालं नाही. बँकॉकला आशियाई सुवर्ण आलं ते १९९८ साली, तेव्हा तो तिशीत होता. चार ऑलिम्पिक खेळला, एकाही वेळी पदक मिळालं नाही. त्याचं नाव घेऊन वीस वर्षांच्या पोराला झोडपायचं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा भारताचा फॉरवर्ड दिलप्रीतकडे बघा. दिलप्रीत सिंग अठराव्या वर्षी भारतीय संघात आला, २०१८ चा भुवनेश्वरचा विश्वचषक खेळला. मग संघाबाहेर गेला. परत आला, टोकियो ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात गोल केला, गळ्यात पदक पडलं. पॅरिस ऑलिम्पिकला पुन्हा नाव नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाला आपण ४-१ नं हरवलं, त्यातले दोन गोल त्याचे. मधल्या वर्षांत त्याला किती जणांनी निकालात काढलं असेल! दुसरा फॉरवर्ड सुखजीत सिंग तर भारताकडून पहिल्यांदा खेळला तेच पंचविसाव्या वर्षी, आणि पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध त्यानं गोल केला. फॉरवर्ड उशिरा पिकतो. बचावातला पोरगा अंगाच्या ताकदीवर आणि शिस्तीवर लवकर उभा राहतो. फॉरवर्डला अर्ध्या सेकंदात जे ठरवायचं असतं ते हजारदा चुकल्याशिवाय येत नाही.

आता गोलांचं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतानं पंधरा गोल केले. त्यातले दहा एकट्या कर्णधार हरमनप्रीतचे, तेही सगळे शॉर्ट कॉर्नर (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारा, गोलरेषेवरून बॉल आत ढकलून सुरू होणारा फटका) नाहीतर पेनल्टी स्ट्रोकवर (फक्त गोलकीपर समोर ठेवून मारायचा फटका). फॉरवर्डच्या नावावर चारच लागले. म्हणून फॉरवर्ड बसून होते का? शॉर्ट कॉर्नर आकाशातून पडत नाही. कुणीतरी डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, शिरतं, फुल बॅकच्या पायावर बॉल घालतं, काठीचा मार खातं, तेव्हा पंचाचा हात गोलाकडे जातो.

आमच्या पोराचा तोच सामना आठवा. तिसऱ्या भागात तो डाव्या कडेनं बेसलाइन, म्हणजे गोलाकडची शेवटची रेषा, धरून आत शिरला. समोर सहा फुटी फुल बॅक. कोन बंद होता. मारला असता तर बॉल जाळीच्या बाहेरून गेला असता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यानं मारला नाही. क्षणभर थांबला, फुल बॅकनं वजन उजव्या पायावर टाकलं, आणि ह्यानं बॉल अलगद त्याच्या डाव्या बुटावर ढकलला. शिट्टी. शॉर्ट कॉर्नर. दुसऱ्या पोरानं ड्रॅगफ्लिक मारून, म्हणजे बॉल स्टिकनं ओढत भिरकावून, गोल केला, सगळे त्याच्या गळ्यात पडले. माझ्या मागून आवाज आला, "हा काय, नुसता पळायलाय." मी मागे वळून बघितलंही नाही. राग आला होता.

एक गोष्ट मला खरंच कळत नाही. आपल्या गावात घरोघर नीटची लेकरं आहेत. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले तर आपण रिपीट करायला लावतो. दुसऱ्या वर्षी नाही जमलं तर शेत गहाण टाकून तिसऱ्यांदा बसवतो. "अभ्यास चालूय, होईल" असं पाहुण्यांना सांगतो. ते बरोबरच आहे, मीही माझ्या मुलीसाठी एक वर्ष थांबलो. मग तेवढाच धीर मैदानावरच्या लेकराला का नाही?

हे मी आज एवढ्या जोरात बोलतो त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे अजून एक फॉरवर्ड होता, ह्याच्याहूनही हातानं मऊ. एकोणिसाव्या वर्षी त्याचे गोल आटले. लोक बोलायला लागले, आणि त्यांच्यात मीही होतो. संघाच्या बैठकीत, तो दारात उभा असताना, मी म्हणालो, "ह्याच्यात आता काही राहिलं नाही." त्यानं ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात तो सरावाला आला नाही, त्यानंतरही नाही. आज त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, संसार नीट चाललाय, भेटला की पाया पडतो. तो वाकला की दर वेळी मला ते वाक्य ऐकू येतं. तेव्हा टर्फ म्हणजे काय हे मलाच नीट माहीत नव्हतं आणि मी त्या पोराचा निकाल लावून बसलो होतो.

म्हणून ह्याचं सगळं चांगलंच चाललंय असं मी म्हणत नाही. बॉल पायाशी असला की त्याची मान अजून खाली जाते, मोकळा उभा असलेला सोबती दिसत नाही. रिव्हर्स फटका, म्हणजे स्टिक उलटी करून मारायचा, कच्चा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तर दहा दिवस पळायला गेला नाही, त्यावरून मी त्याला त्याच्या आईसमोर बोललो. मेहनतीचा हिशेब त्याला मागा, माझी ना नाही. गोलांचा हिशेब अजून दोन वर्षं मागू नका. दोन वर्षांनी मान वर आली नसेल तर मी स्वतः तुम्हाला येऊन सांगेन.

आणि तो मोकळा गोल. तुम्ही सगळे बघत होतात, पण लांबून. मी खांबापासून पंधरा पावलांवर होतो. उजवीकडून जोरात क्रॉस आला. दोन वर्षांपूर्वीचा तो असता तर उभ्यानं, स्टिक सरळ धरून वाट बघत राहिला असता. ह्या वेळी तो लांबच्या खांबाकडे झेपावला, गुडघा जमिनीला टेकलेला, स्टिक आडवी, मातीला लागलेली. वेळ अगदी बरोबर, जागा अगदी बरोबर. टर्फ असतं तर बॉल त्या स्टिकला लागून आतच गेला असता. पण स्टिकच्या हातभर आधी बॉलला खडा लागला, तो उडाला आणि स्टिकवरून निघून गेला. लोकांनी डोक्याला हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. जी सवय मोडायला मोठी माणसं थकतात ती त्याची मोडली होती. हात टर्फचे झाले होते.

रात्री तो घरी आला. जेवला नाही, ताटात बोट फिरवत बसला. बराच वेळानं म्हणाला, "सर, बॉल उडाला."

"दिसलं मला," मी म्हणालो. "तुझी स्टिक कुठं होती तेपण दिसलं."

त्यानं मान वर करून बघितलं. मग पोळी मागितली.