सत्र संपल्यावर हाती आलेला अभिप्राय

शिक्षकाने आपले शिकवणे सतत सुधारत राहिले पाहिजे, यावर कोणत्याही संस्थेत दुमत नसते. पण त्या सुधारणेसाठी लागणारी माहिती त्याच्या हाती वेळेवर पडावी, याची घाई मात्र कोणालाच नसते. मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. बरीच वर्षे शिकवल्यावर हात बसतो, तास वेळेवर संपतो, विद्यार्थी तक्रार करत नाहीत, आणि नेमके याच टप्प्यावर शिकवणे आहे तिथेच थांबते, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून गेल्या वर्षी मी तीन गोष्टी हाती घेतल्या. एका सहकारी शिक्षिकेला आपल्या तासाला बसवायचे, आपल्याच तासाचे ध्वनिमुद्रण ऐकायचे आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय त्यांच्याच शब्दांत वाचायचा. पहिल्या दोन गोष्टी विनासायास पार पडल्या. तिसरी एका कार्यालयात अशी काही अडकली की तिचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे सत्राच्या अखेरीस विद्यार्थी एक ऑनलाइन फॉर्म भरतात. त्यात ठरावीक विधाने असतात, प्रत्येकापुढे १ ते ५ असे पर्याय असतात आणि सर्वांत खाली ‘इतर सूचना’ असा एक रिकामा चौकोन असतो. फॉर्म भरल्याशिवाय निकाल दिसत नाही, त्यामुळे बरेच जण सगळीकडे एकच आकडा दाबून मोकळे होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे सत्र अर्धे सरले की शिक्षकाला एक पानी कागद मिळतो. माझ्या कागदावर ‘वक्तशीरपणा ४.६’ आणि ‘विषय स्पष्ट करून सांगणे ३.८’ अशा थाटाच्या ओळी होत्या. किती जणांनी फॉर्म भरला, कोणता आकडा किती जणांनी दिला, चौकोनात कोणी काय लिहिले, यातले काहीही त्यात नव्हते.

सरासरीसोबत विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते, सांगितले नाही तर ती सरासरी अर्धवट समजावी, असे जी बाई दरवर्षी वर्गाला बजावते, तिच्याच हातात हा कागद आला होता. ५० जणांच्या वर्गात ४० जणांनी ४ आणि १० जणांनी ३ दिले, तर सरासरी ३.८ येते, ३५ जणांनी ५ आणि १५ जणांनी १ दिला, तरीही ती ३.८ च येते. पहिल्या वर्गात फारसे काही बिघडलेले नाही, दुसऱ्या वर्गात मात्र १५ जणांच्या पदरात काहीच पडत नाही. या दोन वर्गांसाठी शिक्षकाने करायच्या गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत, आणि माझा वर्ग यांपैकी कोणता, हे त्या कागदावरून कळण्याची सोय नव्हती.

म्हणून मी मूळ आकडे आणि लेखी सूचना मागायला संबंधित कार्यालयात गेले. सूचना गोपनीय असतात, असे मला सांगण्यात आले. मला नावे नकोच होती, फक्त मजकूर हवा होता, असे म्हटल्यावर एक छापील अर्ज पुढे आला. त्या अर्जात ‘अभिप्राय कोणत्या कारणासाठी हवा आहे’ असा रकाना होता आणि त्याखाली चार पर्याय होते: बढती, कराराचे नूतनीकरण, तक्रार निवारण आणि अन्य. अभिप्राय वाचून शिकवण्यात बदल करायचा आहे, हे कारण अर्ज तयार करणाऱ्याला सुचलेलेच नव्हते. मी ‘अन्य’वर खूण केली आणि शेजारच्या इवल्याशा जागेत ‘अध्यापनात सुधारणा’ असे लिहिले. काही दिवसांनी अर्ज परत आला. ‘अन्य’ या कारणासाठी विभागप्रमुखांची शिफारस लागते, असा शेरा त्यावर होता.

विभागप्रमुख रजेवर होते. ते परतल्यावर सही मिळाली, तेव्हा कार्यालयाने सांगितले की माहितीचा साठा संगणक विभागाकडे असतो. संगणक विभागाने सांगितले की कार्यालयाचे पत्र आल्याशिवाय ते काहीही काढून देऊ शकत नाहीत. कार्यालयाचे म्हणणे असे की पत्राची गरज नाही, तोंडी सांगितले तरी चालते. पण तोंडी सांगायचे कोणी, हे कोणीच सांगेना. ‘मॅडम, आकडे तर चांगलेच आहेत तुमचे, मग कशाला एवढा त्रास घेता?’ असे तिथल्या एका लिपिकाने मला अगदी आपुलकीने विचारले. त्याच्या दृष्टीने अभिप्राय हे निकालपत्रक होते आणि मी उत्तीर्ण झालेली होते. उत्तीर्ण माणसाने उत्तरपत्रिका पाहायला मागावी, हे त्याला चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. गोपनीयतेचा मुद्दाही पोकळ नाही, कारण लहान वर्गात वाक्याच्या धाटणीवरून विद्यार्थी ओळखू येतो आणि तशा ओळखीचा सूड उगवणारे शिक्षक असतात. परंतु निकाल लागून गेलेले असताना, नावे वगळून दिलेल्या मजकुराने कोणाचे काय बिघडणार होते, याचे उत्तर मला शेवटपर्यंत मिळाले नाही.

अखेर मुद्रित पाने मिळाली, तेव्हा तो वर्ग उत्तीर्ण होऊन निघून गेला होता. बहुतेक सूचना ‘छान’, ‘चांगले शिकवतात’ अशा होत्या. त्यांच्यामध्ये एक ओळ अशी होती: ‘उदाहरण सोडवताना मधली पायरी मॅडम तोंडी सांगतात, फळ्यावर लिहीत नाहीत, त्यामुळे घरी वही उघडली की तिथेच अडते.’ सगळा खटाटोप या एका ओळीसाठी सार्थकी लागला, हे खरे. पण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा काडीचा उपयोग झाला नाही, हेही तितकेच खरे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

सुदैवाने या प्रतीक्षेच्या काळात मी स्वस्थ बसले नव्हते. तास संपायला पाच मिनिटे असताना मी कागदाचे लहान तुकडे वाटू लागले. त्यावर दोनच प्रश्नांची उत्तरे लिहायची: आज महत्त्वाचे काय वाटले आणि कुठे गोंधळ राहिला. नाव लिहायचे नाही. ही युक्ती माझी नव्हे, जगभरातले शिक्षक ती वापरतात; पण तिचा परिणाम पाहून मी थक्क झाले. परिकल्पना चाचणीत ‘फरक किंवा परिणाम काहीच नाही’ हे गृहीतक, म्हणजे शून्य परिकल्पना, आकडेवारीवर तपासतात. त्या तासानंतर आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये ‘पी-मूल्य ०.०३ म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ असे वाक्य ‘महत्त्वाचे काय वाटले’ याखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आलेले होते. तासाला सगळे माना डोलावत होते, आणि घरी नेत होते ते नेमके उलटे. शून्य परिकल्पना खरी आहे असे धरून चालल्यावर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य, हे मी पुढच्या तासाच्या आरंभी नाणेफेकीचे उदाहरण घेऊन पुन्हा मांडले, आणि मांडण्याआधी त्या चिठ्ठ्यांमधले वाक्यच फळ्यावर लिहून ‘यात काय खटकते?’ असे विचारले. सत्रअखेरच्या ३.८ मधून हे कधीही कळले नसते.

चिठ्ठ्या घ्यायच्या असतील तर पुढच्या तासाला त्यांची दखल वर्गासमोर घ्यावीच लागते, नाहीतर तिसऱ्या वेळेपासून कोरे कागद परत येतात. प्रत्येक मागणी मान्य करावी असे मात्र नाही. गृहपाठ कमी करा, अशी मागणी वारंवार येत असे. ती मी मान्य करणार नाही आणि का करणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले, आणि त्यावर कोणी रुसले नाही. विद्यार्थ्यांना काय आवडते आणि त्यांना काय येते, या दोन गोष्टी एकच नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत गुण त्यांनाच अधिक मिळाले. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना नेमके उलटे वाटले. त्यामुळे ‘किती आवडले’ असे मी चिठ्ठीवर कधीच विचारत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल सांगायचे राहिले. सगळा तास ऐकण्याची गरज नसते, कारण स्वतःचा आवाज इतका वेळ सहन होत नाही. मी फक्त प्रश्न विचारल्यानंतरची शांतता घड्याळ लावून मोजली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले की उत्तरे लांबतात व अधिक विद्यार्थी बोलू लागतात. तीन सेकंद वाचताना काहीच वाटत नाही. वर्गासमोर उभे राहून ते मोजून पाहावेत. मी मनातल्या मनात आकडे म्हणण्याची सवय लावली, आणि मागच्या बाकांवरून आजवर न ऐकलेले आवाज येऊ लागले, याचा मला अभिमान आहे.

सहकाऱ्याला तासाला बोलावताना ‘कसे वाटले ते सांगा’ असे म्हणू नये; ‘छान वाटले’ याखेरीज काहीही हाती लागत नाही. मी माझ्या सहकारी शिक्षिकेला फक्त एकच काम दिले होते: दर दोन मिनिटांनी विद्यार्थी काय करत आहेत, ते एका शब्दात टिपायचे. ‘ऐकत’, ‘लिहीत’, ‘लिहीत’, ‘लिहीत’, ‘खिडकीकडे’ अशी ती यादी कोणत्याही शेऱ्यापेक्षा बोलकी होती.

कार्यालयाकडून अभिप्राय मागण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी केवळ वारंवारता कोष्टक मागावे, म्हणजे कोणता आकडा किती जणांनी दिला एवढेच. त्यात गोपनीयतेचा प्रश्न उद्भवत नाही. कारणाच्या रकान्यात ‘अन्य’ लिहून न थांबता विभागप्रमुखांच्या शिफारशीचे पत्र पहिल्याच दिवशी जोडावे, आवक क्रमांक घ्यावा आणि त्याच पत्राची एक प्रत संगणक विभागात स्वतः नेऊन द्यावी. अर्जात ‘अध्यापन सुधारणा’ हा पाचवा पर्याय घालावा आणि फॉर्म सत्राच्या मध्यावर भरून घ्यावा, अशी सूचना मी लेखी दिलेली आहे. ती विचाराधीन असल्याचे उत्तर मिळाले आहे. तोवर आमच्या वर्गात चिठ्ठ्या चालू आहेत.