चार्ल्सकाठची ४ जुलै

५ जुलै, सकाळ

काल घरी पोहोचायला साडेबारा वाजून गेले आणि पाय इतके भरून आले होते की वही उघडण्याचे बळ उरले नाही, म्हणून कालचा दिवस आज लिहिते आहे. बॉस्टन परिसरात राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली, तरी ४ जुलैचा बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाचा कार्यक्रम मी आजवर टीव्हीवरच पाहिला होता. ऊन, गर्दी, तासन्‌तास बसून राहणे ही कारणे मी इतक्यांदा सांगितली होती की ती मलाही खरी वाटू लागली होती. यंदा आई आलेली आहे. "नदी चालत जाण्याइतकी जवळ, कार्यक्रम फुकट, आणि तू तो टीव्हीवर बघतेस?" असे तिने विचारले आणि मला काही सुचले नाही.

केंब्रिजच्या बाजूने चार्ल्स नदीवरचा लाँगफेलो पूल ओलांडून आम्ही दुपारीच पलीकडे गेलो. एरवी जिथे गाड्या एकीमागे एक भरधाव जातात तो स्टॉरो ड्राइव्ह रस्ता वाहनांना बंद होता आणि त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून लहान मुले तोल सावरत चालत होती. पिशव्यांची तपासणी झाली. काचेची बाटली चालत नाही हे मला माहीत होते. आईच्या पिशवीतली लोणच्याची छोटी बरणी काचेची आहे, हे मात्र मला तिथे पोहोचल्यावर कळले. त्या बरणीवरून जे झाले ते इथे लिहीत नाही.

हॅच शेल या नदीकाठच्या खुल्या रंगमंचाच्या अगदी समोरचे गवत आमच्या आधीच भरून गेले होते. आम्हाला जागा मिळाली ती बरीच पुढे, पाण्याजवळ एका झाडाखाली. तिथून रंगमंच दिसत नव्हता, फक्त ध्वनिवर्धकांचा एक उंच मनोरा आणि पात्रात नांगरून ठेवलेले आतषबाजीचे तराफे दिसत होते. चादर अंथरल्यावर पुढचे कित्येक तास करायला काहीच नव्हते. मी आईला पॉप्सचे जुने संगीत-संचालक आर्थर फीडलर यांचे शिल्प दाखवून आणले. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे एकावर एक रचून केलेला तो भला मोठा चेहरा लांबून माणसाचा दिसतो आणि जवळ गेले की नुसत्या कडा उरतात. आईने एका कडेवरून बोट फिरवले आणि पत्रा तापला आहे म्हणून लगेच मागे घेतले.

परत येऊन बसल्यावर मी तिला सगळी कथा सांगितली. नदीकाठी फुकट मैफली भरवण्याची कल्पना या फीडलर यांची आणि पहिली मैफल १९२९ सालच्या ४ जुलैची. आज आहे ते कायमचे हॅच शेल १९४० मध्ये उभे राहिले. पुढे श्रोते रोडावत गेले, तेव्हा डेव्हिड म्युगर या स्थानिक व्यावसायिकाने फीडलर यांना सुचवले की रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांची '१८१२' ही रचना खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि आतषबाजी यांच्यासह वाजवावी. ते १९७४ साल होते. दोनच वर्षांनी, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, याच काठावर सुमारे चार लाख माणसे जमली.

"पण १८१२ ची लढाई कोणाची?" आईने विचारले. इथल्या अनेकांचाही घोटाळा होतो, कारण त्याच वर्षी अमेरिकेची ब्रिटनशीही लढाई सुरू झाली होती. ही रचना मात्र रशियाने नेपोलियनला परतवून लावल्याची आहे, १८८० मधली, आणि तिच्यात फ्रान्सच्या राष्ट्रगीताचे सूर झारच्या स्तुतिगीतापुढे हरतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा कळस रशियाच्या विजयाने व्हावा, याचे मला दरवर्षी हसू येते. आईला त्यात काही वावगे वाटले नाही. "तोफा आहेत ना, मग झालं," ती म्हणाली.

साडेआठच्या सुमारास सूर्य बुडाला, तोवर कार्यक्रम सुरू झाला होता. मधल्या भागाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पाहुण्या गायकांच्या वेळी आमच्या शेजारची मंडळी खाण्यात दंग होती आणि मीही. पण '१८१२' चे पहिले संथ, प्रार्थनेसारखे सूर आले आणि आजूबाजूचे बोलणे कमी होत गेले. टीव्हीवर तोफ हा एक आवाज असतो. इथे ती आधी चादरीखालच्या जमिनीतून मांड्यांना कळली आणि मग कानांना. आईने माझे मनगट घट्ट धरले आणि शेवटची तोफ होईपर्यंत सोडले नाही.

आतषबाजी सुरू झाली तेव्हा मात्र ती एकदम शिक्षिका झाली. तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई आकाशाकडे दुसऱ्या कशासाठी पाहणार? आधी तिने उजेड आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजले, दोनाच्या आसपास आले, आणि ध्वनीच्या वेगाने गुणून तराफा पाऊणेक किलोमीटरवर असल्याचे जाहीर केले. मग रंग. लाल म्हणजे स्ट्रॉन्शियम, हिरवा बेरियम, झगझगीत पांढरा मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम. "आता निळा बघ," ती म्हणाली, "तिथे कस लागतो." निळा रंग तांब्याच्या क्लोराइडमुळे मिळतो, ज्योत फार तापली तर ते संयुग तुटते आणि कमी तापली तर उजेडच पडत नाही. आणि ज्या देशाच्या झेंड्यात लाल, पांढरा आणि निळा आहे, त्याला नेमका हाच रंग टाळता येत नाही. त्यानंतर प्रत्येक निळ्या फुलाला मीही मान वर करून थांबू लागले. बहुतेक जांभळट होते. एक मात्र नदीच्या मधोमध फुटले, गडद, स्वच्छ निळे, आणि त्याचे ठिपके विझेपर्यंत आई काहीच बोलली नाही. नंतर धूर आमच्याच बाजूला आला आणि शेवटचा भडिमार आम्ही निम्मा डोळे चोळत पाहिला.

परतताना पुलावर माणसांना माणसे खेटली होती. एरवी पंधरा-वीस मिनिटांचे अंतर चालायला तास लागला, फोन कोणाचाच लागत नव्हता, आणि आईच्या चपलेचा अंगठा तुटल्यामुळे आम्ही दोघी कठड्याला धरून धरून चाललो.

आता ती चहा गाळत मावशीशी फोनवर बोलते आहे. तोफांचे वर्णन झाले, बरणीची तक्रार झाली. आतषबाजी कशी होती असे पलीकडून विचारले गेले असावे, कारण आई थोडी थांबली आणि म्हणाली, "लाल उत्तम. हिरवा चांगला. निळ्याला पस्तीस दिले, काठावर पास."