हुंगा माझा हात

मित्राने नवी एसयूव्ही घेतली म्हणून बघायला गेलो. गाडी कसली, चाकांवरचा वाडाच. "घराणं लष्करी आहे हिचं," तो बॉनेटवर थाप मारत म्हणाला. मग ती पार्किंगमधून काढायला बसला. खांब हातभर लांब होता, तरी गाडी जिवाच्या आकांताने पीं-पीं करायला लागली. रिमला चरा जाऊ नये म्हणून तो फुटपाथच्या कडेलाही गाडी टेकवत नाही. मला आपली ती जुनी म्हण आठवली : आजोबांनी तूप खाल्लं, हुंगा माझा हात.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जन्म 1941. लांबी साडेतीन मीटरपेक्षाही कमी, वजन 1,100 किलोच्या आसपास. दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी टाकता यायची. चिखलात रुतली की जवान चहूबाजूंनी हात घालून बाहेर ओढायचे. मोडली तर दुसऱ्या मोडक्या जीपचे भाग बसवायचे, तेही जमलं नाही तर तिथेच टाकून पुढे निघायचं. तिचा सगळा मोठेपणा लहान असण्यात होता. चऱ्याचं दुःख करायला युद्धात वेळ कोणाला?

पुढच्या पिढीतली, अमेरिकी सैन्याची हमव्ही मात्र अंगानेच दांडगी. पोटाखाली साधारण 40 सेंटिमीटर जागा सुटावी म्हणून तिच्या गिअरबॉक्सचा पसारा वर, थेट माणसांच्या मध्ये आणून ठेवला. चार सैनिक चार कोपऱ्यांत आणि मधे जेवणाच्या टेबलाएवढा उंचवटा! एवढं धिप्पाड रूप बघून वाटतं, गोळीसुद्धा आपटून परत जाईल. पण साध्या हमव्हीला चिलखतच नव्हतं, काहींना तर कापडी दारं होती. इराकमध्ये रस्त्याकडेचे बॉम्ब फुटायला लागले तेव्हा तिच्यावर पोलादी पत्रे चढवावे लागले, आणि त्या ओझ्याने तीच धापा टाकू लागली.

हीच गाडी 1992 मध्ये हमर नावाने बाजारात आली. हॉलिवूडचा नट आर्नोल्ड श्वार्झनेगरने हट्टच धरला होता तसा. ती निदान अस्सल तरी होती, गैरसोयीसकट. नंतरच्या एचटू आणि एचथ्री मात्र पिकअप ट्रकच्या सांगाड्यांवर बेतलेल्या, लष्करी होता तो फक्त मुखवटा. आताची विजेवरची हमर चार टनांच्या घरात जाते. तिची एकटी बॅटरीच आजोबांपेक्षा जड आहे!

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "आणि मर्सिडीजची जी-क्लास?"

इथे माझी जरा पंचाईत झाली. 1979 पासूनची ही चौकोनी पेटी; कितीतरी सैन्यांनी वापरलेली. पेट्रोल-डिझेलवरच्या जी-क्लासमध्ये आजही शिडीसारखी चासी आहे, एक चाक घसरलं तरी ताकद बाकीच्या चाकांना पोचवणारे तिन्ही डिफरन्शियल लॉक आहेत. डोंगर चढायचाच म्हटलं तर ती चढेल. चढवतो कोण, हा वेगळा प्रश्न. 2018 मध्ये ती जवळजवळ नव्याने घडवली, तेव्हा दाराची जुनी मूठ आणि दार लागतानाचा बंदुकीच्या खटक्यासारखा आवाज मुद्दाम जपला. लढाई गेली, खटका राहिला. विजेवरच्या जी-क्लासमध्ये तर मागच्या दारावर, जिथे जादा चाक असायचं, तिथे चार्जिंगची केबल ठेवायची पेटी मिळते. शिपायाच्या पडतल्यात मोबाईलचा चार्जर सापडावा, तसं वाटलं मला ते.

"बस, एक फेरी मारू," मित्र म्हणाला. दार उघडताच खालून पायरी आपोआप बाहेर आली, नातवंडाने आजीपुढे पाट सरकवावा तशी. चढलो. चौकात एक छोटी गाडी आडवी येत होती, आम्हाला बघून थबकली आणि बाजूला झाली. वास्तविक रस्ता तिचा होता.

मला बरं वाटलं. मित्राला अर्थातच सांगितलं नाही.