यादी पाडव्याला काढावी

वर्षाचे आवडते दहा सिनेमे काढायला बहुतेक जण 31 डिसेंबरला बसतात आणि पहिली गफलत तिथेच होते. 2016 घ्या. 'नटसम्राट' लागला 1 जानेवारीला, 'सैराट' 29 एप्रिलला, 'व्हेंटिलेटर' 4 नोव्हेंबरला आणि 'दंगल' 23 डिसेंबरला. वर्षअखेरीला यादी करणाऱ्याच्या कानात आखाड्यातला आरडाओरडा अजून घुमत असतो आणि 'नटसम्राट'ला मात्र बारा महिने उलटून गेलेले असतात. ट्रेलर आधीच्या वर्षात पाहिल्यामुळे काहींना तर तो गेल्या वर्षीचाच वाटतो. जानेवारी-फेब्रुवारीत लागलेल्या सिनेमांवर असा अन्याय दरवर्षी होतो.

म्हणून यादी गुढीपाडव्याला काढावी. यात परंपरेचा अभिमान वगैरे काही नाही, सोय आहे. हल्ली हिंदी सिनेमा थिएटरात लागल्यापासून साधारण आठ आठवड्यांनी घरच्या पडद्यावर येतो. नाताळात लागलेला, तिकिटाच्या भावामुळे किंवा परीक्षांमुळे हुकलेला सिनेमा फेब्रुवारीच्या अखेरीस हाती लागतो. तोवर डिसेंबरची धुंदीही उतरलेली असते. तीन महिन्यांनंतरही जो सिनेमा आपणहून आठवतो, त्यालाच जागा द्यायची.

आता सिनेमा कोणत्या वर्षाचा धरायचा? ऐकायला सोपं वाटतं, पण याद्या फिसकटतात त्या इथेच. 'कोर्ट' सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, 2014 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि आपल्याकडच्या थिएटरात तो लागला 17 एप्रिल 2015 रोजी. 'रिंगण'ला 2015 सालचा राष्ट्रीय पुरस्कार, प्रदर्शन 2017 मध्ये. 'कासव'ला 2016चं सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, तिकीटबारीवर आला तो 2017 मध्ये. 'वाळवी' 13 जानेवारी 2023 रोजी लागला, पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 2022चा. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं साल धरतात, महोत्सववाले पहिल्या खेळाचं धरतात, आणि आपल्याला यातलं काहीच माहीत नसतं. पुरस्काराची बातमी वाचून सिनेमा शोधायला जावं तर तो कुठेच लागलेला नसतो.

माझ्या मते साध्या प्रेक्षकाने एकच कसोटी ठेवावी: ज्या साली तिकीट काढून किंवा घरबसल्या तो पाहता येणं शक्य झालं, ते साल. पणजीच्या इफ्फी किंवा पुण्याच्या पिफ या चित्रपट महोत्सवात आधीच पाहिला असेल, तर त्या वर्षाच्या यादीत घ्यावा, पुढे एक खूण करावी आणि प्रदर्शनानंतर पुन्हा घेऊ नये. दोन वर्षांच्या याद्यांत एकच सिनेमा दिसला की यादी ढिली वाटते. जुने सिनेमे वेगळ्या ओळीत. 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा मोजक्यांनी पाहिला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. ज्याने तो 2024 मध्ये पहिल्यांदा पाहिला, त्याच्यासाठी त्या वर्षातला तो सर्वांत मोठा आनंद असू शकतो, पण त्याला त्या वर्षीच्या नव्या सिनेमांशी झुंजवण्यात अर्थ नाही. 'उशिरा भेटलेले' असा एक कप्पा केला की प्रश्न मिटतो. खरं सांगायचं तर कित्येकांच्या यादीत हाच कप्पा सर्वांत वाचनीय असतो.

यादीचं खरं काम मात्र वर्षभर वहीत चालतं. दोनशे पानी साधी वही पुरते. पानावर पाच रकाने: तारीख, सिनेमा, कुठे पाहिला, कोणत्या भाषेत (मूळ की डब, हे नक्की लिहायचं), आणि त्याच रात्री लिहिलेलं एक वाक्य. सहावा रकाना कोरा ठेवायचा, तीन महिन्यांनी आपणहून जे आठवेल तेवढंच त्यात भरायचं. तारे, गुण असलं काही द्यायचं नाही. साडेतीन आणि चार ताऱ्यांत फरक काय, हे दुसऱ्या दिवशी देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्या एका वाक्यात 'अप्रतिम', 'सुंदर', 'अभिनय दमदार' असलं लिहिलं तर वही फुकट. पाडव्याला वाचताना तीस सिनेमांपुढे 'अभिनय दमदार' एवढंच दिसतं. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते लिहायचं. 'सैराट'पुढे 'गाणी भारी' लिहिणारे लाखो होते. त्याऐवजी 'पळून गेल्यानंतर एकही गाणं नाही' एवढं लिहिलेलं असेल, तर सगळा सिनेमा पुन्हा उभा राहतो. जवळपास तीन तासांच्या त्या सिनेमात चारही गाणी दोघं पळून जाण्याआधीच संपतात. पहिल्या भागात खुर्च्या सोडून नाचलेलं थिएटर परक्या शहरातल्या त्या खोलीत आल्यावर गप्प होत जातं आणि शेवटी त्या लहान पोराची पावलं दिसतात तेव्हा पडद्यावर आवाजच उरत नाही. हे त्या रात्रीच टिपून ठेवावं लागतं, कारण पुढचे तीन महिने लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजणार असतं आणि आठवणीत तेवढंच राहणार असतं.

'कोर्ट'चंही तसंच. शेवटाकडे न्यायालयातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो आणि निम्मं थिएटर चप्पल चाचपायला लागतं. सिनेमा संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सुटीवर सहलीला जातात, तिथे बाकावर त्यांना डुलकी लागते, पोरं ओरडून जागं करतात आणि ते एकाच्या थोबाडीत मारतात. जो अंधारात उठून पार्किंगची गर्दी चुकवायला पळाला, त्याने अर्धाच सिनेमा पाहिला. श्रेयनामावली सुरू होईपर्यंत बसलो नसू, तर नोंद करू नये.

नोंदी कुठे बिघडतात, हेही ठाऊक असावं. महोत्सवात दिवसाला पाच सिनेमे पाहण्याची ईर्षा असते. जेवणानंतरच्या खेळाला डोळे मिटतात, संध्याकाळी दोन सिनेमांतल्या आया एकमेकींत मिसळतात आणि रात्री वहीत लिहिलेलं वाक्य नक्की कोणत्या सिनेमाचं, हे कळेनासं होतं. तीनवर थांबावं, आणि पुढच्या रांगेत उभं असतानाच आधीचं वाक्य लिहून टाकावं. रिमेकचं वेगळंच. 2016चा 'हाफ तिकीट' हा तमीळ 'काक्का मुट्टई'वरून केलेला. दोन्हींतला जो आधी पाहिला तो आपला वाटतो, दुसऱ्यात चुका दिसतात. दोन्ही पाहिले असतील, तर कोणता आधी, हे वहीत लिहावं. एवढ्या एका नोंदीने पुष्कळ वाद वाचतात.

मराठी सिनेमाच्या बाबतीत आवडीआधी वेळापत्रक येतं. शुक्रवारी मिळालेले शो पुढच्या आठवड्यात टिकतातच असं नाही. उरला तर दुपारी बाराचा एखादा उरतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान दाखवावा, असं सरकारने 2015 मध्ये ठरवलं, पण बाराचा खेळही त्यात बसतोच की! नोकरदाराला त्याचा काय उपयोग? तेव्हा तोंडी कौतुक कानावर येण्याची वाट न पाहता मराठी सिनेमा पहिल्या शनिवार-रविवारी गाठावा. हिंदीला दुसरा आठवडा मिळतोच.

पाडव्याला वही उघडली की पहिल्यांदा फक्त सहावा रकाना वाचायचा. कोरा राहिलेला सिनेमा बाद. उरलेल्यांतून क्रम लावताना दहांवर एकदम झडप घालू नये. पहिले दोन समोरासमोर ठेवावेत, तिसरा त्यांच्या वर, मध्ये की खाली ते ठरवावं, मग चौथा. पहिले चार-पाच आपोआप बसतात. खोटेपणा सुरू होतो सातव्यापासून. लग्नाच्या फोटोत 'नाही म्हणायला नको' म्हणून उभे केलेले पाहुणे असतात, तसे सात ते दहा या जागांवर मानाचे सिनेमे येऊन बसतात: परदेशात नावाजलेले, पाहताना दोनदा घड्याळाकडे बघायला लावलेले. रविवारी दुपारी टीव्हीवर अर्ध्यातून लागला तर उरलेला पाहत बसाल का, एवढं विचारावं. 'व्हेंटिलेटर' या परीक्षेत सहज उतरतो. गणपतीच्या तोंडावर रुग्णालयात जमलेलं ते कामेरकरांच्या गोतावळ्याचं भांडण कुठूनही पाहायला लागलं तरी आपल्याच घरचं वाटतं. 'कोर्ट' कदाचित उतरणार नाही, कारण तो अर्ध्यातून पाहायचा सिनेमाच नाही. तिथे परीक्षा बाजूला ठेवून सहाव्या रकान्याचं ऐकावं. सहाच सिनेमे खरे आवडले असतील, तर यादी सहांची. दहाचा आकडा कुणी कायद्याने घातलेला नाही.

यादी गटावर टाकली की पाच मिनिटांत 'अमुक कसा नाही?' येतंच. त्यासाठी यादीखाली दोन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात. पहिली, एकूण किती सिनेमे पाहिले. साठांतून निवडलेले दहा आणि चौदांतून निवडलेले दहा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि वाचणाऱ्याला तो कळायला हवा. दुसरी, पाहायचे राहिलेले: नावं, आणि का राहिले ते. गावात लागला नाही, उपशीर्षकं नव्हती, एकच शो होता, कंटाळा केला. या ओळीत एखादं नाव सलग दोन वर्षं दिसलं, तर दोष वितरकाचा नाही.