कोल्हापुरातली नटी लता

लता मंगेशकर म्हटलं की पांढरी साडी आणि समोर माईक, एवढंच आपल्याला आठवतं. मी कोल्हापूरला गेले ती तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या लताला शोधायला.

अंबाबाईचं दर्शन घेऊन भवानी मंडपातून बाहेर पडले आणि चालतच खरी कॉर्नरला गेले. तिथे कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी उभी केली. वाहनांच्या गर्दीत त्या दगडी कॅमेऱ्याकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. मी मात्र बराच वेळ उभी राहिले.

लताचं नटी होणं समजायचं तर आधी १९३२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झाला. तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे आणि हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे आपापली गाणी स्वतःच गायले. संगीतही टेंब्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा, पेटी-तबलेवाले चौकटीच्या बाहेर बसायचे आणि सगळं एकदम टिपलं जायचं. नटीला गळा हवाच आणि गाणारीला पडद्यावर यायचं तर अभिनय हवाच. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या संगीत नाटकाची ही सरळ पुढची पायरी होती.

लताचे वडील दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी गेले. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. पाठीमागे मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी ‘नवयुग’ या चित्रपट कंपनीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिला छोटी भूमिका आणि गाणं मिळवून दिलं. त्याआधी ‘किती हसाल’साठी तिने गायलेलं गाणं चित्रपटात राहिलंच नव्हतं. मग विनायकरावांनी कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली आणि मंगेशकरांचं बिऱ्हाड या गावात आलं. ‘चिमुकला संसार’, ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’ ही १९४३-४४ मधली कामं. दहा वर्षांच्या आशानेही ‘माझं बाळ’मध्येच पहिल्यांदा गाणं म्हटलं. लताचं पहिलं हिंदी गाणंही ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटातलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

रंगरंगोटी, प्रखर दिवे, कुणीतरी सांगेल तेव्हा हसायचं आणि रडायचं, यातलं काहीही तिला आवडत नव्हतं. पुढे तिने ते मुलाखतींतून स्पष्ट सांगितलं. तरी ती करत राहिली, कारण घर चालवायचं होतं. तिच्या यशाच्या कथा सांगताना आपण ही वर्षं दोन ओळींत उरकतो, आणि ते मला पटत नाही. गाण्यातला शब्द कुणाच्या तोंडी आहे, ती बाई कुठल्या प्रसंगात उभी आहे, हे तिला इतकं नेमकं कळायचं, त्याची मुळं मला या नावडत्या कामात दिसतात.

खरी कॉर्नरहून रिक्षाने मंगळवार पेठेत गेले. जयप्रभा स्टुडिओ म्हणताच रिक्षावाले काका म्हणाले, “भालजी बाबांचा व्हय? बसा की ताई.” वाटेत स्टुडिओ वाचवण्यासाठी कोल्हापूरकर कसे रस्त्यावर उतरले, तेही त्यांनी तावातावाने सांगितलं. मी पोहोचले तेव्हा फाटक बंद होतं. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत हा स्टुडिओ भस्मसात झाला आणि चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला. पुढे त्याची मालकी लताबाईंकडे आली.

तोवर त्यांचं नटीपण संपलं होतं. १९४५ मध्ये प्रफुल्ल मुंबईला गेली, तिच्याबरोबर लताही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायकराव वारले. त्याच सुमारास पार्श्वगायनाने नट आणि गायक वेगळे केले होते आणि १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये संगीतकार गुलाम हैदर यांनी तिला मोठी संधी दिली. दुर्गाबाईंच्या काळात जे शक्य नव्हतं ते आता शक्य होतं: चेहरा न दाखवता नुसत्या आवाजावर जगणं.

पण कोल्हापूर सुटलं नाही. भालजींच्या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिलं. १९६५ च्या ‘साधी माणसं’मधलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणं कोल्हापूरच्याच जगदीश खेबुडकरांचं. या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आनंदघन म्हणून उठायला त्या तयार नव्हत्या. शेवटी आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी निघा. खरी कॉर्नर पाहून खासबाग मैदानाकडे वळा. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळलेलं. तिथून मंगळवार पेठेत जा. जयप्रभाचं फाटक बंद असलं तरी आसपासच्या जुन्या माणसांशी बोला. भालजींच्या चित्रपटांत गर्दीत उभं राहिलेलं कुणी ना कुणी या गावात नक्की भेटतं.